गिटारीच्या पाठीवरील अक्षरें

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटीनंतर आम्ही संगीताच्या खोलींत गेलों, तों नववींतील एक विद्यार्थी खिडकीशीं पाठमोरा बसून कांहींतरी खरवडीत असलेला आम्हांस दिसला. जवळ जाऊन पाहतों तों त्याच्या मांडीवर त्याची नवी विजेची गिटार, हातांत कंपासपेटींतील कर्कटक, आणि गिटारीच्या डोक्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ज्या देशाचें नांव छापलेलें होतें तें निम्म्याहून अधिक नाहींसें झालेलें. तें नांव इंडोनेशियाचें होतें. हें काय चालविलें आहेस, म्हणून आम्हीं विचारलें तेव्हां प्रथम तो बोलेना. मग खालीं मान घालून म्हणाला, "सर, मुलें हसतात. ही खरी नव्हे म्हणतात."

"खरी नव्हे" हे दोन शब्द आमच्या मनांत घर करून राहिले. गिटार तर डोळ्यांपुढें होती. तिला सहा तारा होत्या, तिच्यांतून स्वर निघत होते, आणि तिच्यासाठीं त्याच्या वडिलांनीं दिवाळीचा सगळा बोनस खर्चीं घातला होता. मग तिच्यांत खोटें तें काय? त्या मुलास त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. सबब सुटींत या विषयाचा आम्हीं थोडाबहुत अभ्यास केला. जें हातीं लागलें तें वार्षिकाच्या वाचकांपुढें, विशेषेंकरून असलीं वाद्यें मुलांस घेऊन देणाऱ्या पालकांपुढें, ठेवीत आहों.

प्रथम हें वाद्य बोलतें कसें तें पाहूं. कारण परीक्षा कशाची करावयाची हें कळल्यावांचून परीक्षा करतां येत नाहीं. सतारीला भोपळा आहे, साध्या गिटारीला पोकळ पेटी आहे. विजेच्या गिटारीला बहुधा यांपैकीं कांहींच नसतें. तिचें अंग म्हणजे सुमारें पावणेदोन इंच जाडीची भरीव फळी. तारांखालीं लोहचुंबक बसविलेले असून त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. या भागास पिकअप म्हणतात. पोलादी तार छेडली म्हणजे ती चुंबकाच्या क्षेत्रांत थरथरते, आणि विज्ञानाच्या पुस्तकांत फॅरडेच्या नांवानें जो नियम तुम्ही शिकतां त्या नियमानें वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो अँप्लिफायरनें वाढवून कर्ण्यांतून बाहेर काढावयाचा, एवढाच या जादूचा उलगडा. फळीच्या लाकडाचा स्वरावर किती परिणाम होतो याविषयीं वादकांत अद्याप वाद चालूच आहे. त्या वादांत आम्ही पडत नाहीं.

दुसरी गोष्ट पडद्यांची. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असतात. स्वर चुकला तर वादक पडदा केसभर सरकवितो. गिटारीचे पडदे दांडींत ठोकून बसविलेले असतात. तेथें चूक झाली कीं ती जन्माची. त्यांचा हिशोब असा : तारेची जेवढी लांबी उरली असेल तिला १७.८१७ या संख्येनें भागावें, येईल तितक्या अंतरावर पुढचा पडदा. फेंडर कंपनीच्या गिटारीची तार साडेपंचवीस इंच असते, म्हणजे पहिला पडदा सुमारें १.४३ इंचावर पडतो. बारा वेळां असें केलें म्हणजे तार बरोबर अर्धी होते आणि सप्तक पुरें होतें. वहींत करून पाहण्यासारखें हें गणित आहे. कॅलिफोर्नियांत या गणिताचें उत्तर एक आणि जावा बेटांत दुसरें, असें कांहीं होत नाहीं.

मग पाठीवर देशाचें नांव छापण्याची चाल आली कोठून? ही चाल मूळ वाद्यांसाठीं नव्हे, चाकू-सुऱ्यांसारख्या मालासाठीं पडली. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील शेफील्ड शहराच्या पात्यांचा मोठा लौकिक होता. जर्मनींतील झोलिंगेन येथील कारागीर आपल्या मालावर शेफील्डचें नांव घालून तो विकीत, अशी इंग्लिश कारखानदारांची ओरड होती. तेव्हां १८८७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें व्यापारी चिन्हांचा कायदा करून परदेशी मालावर खोटें इंग्रजी नांव येऊं नये, आलें तर माल कोणत्या देशचा तें स्पष्ट लिहिलेलें असावें, अशी तजवीज केली. असाच कायदा आपल्या देशांतही १८८९ सालीं झाला. आणि अमेरिकेनें १८९० च्या जकातीच्या कायद्यानें आयात मालावर मूळ देशाचें नांव इंग्रजींत घालणें सक्तीचें केलें. जर्मन माल त्या काळीं हलका समजला जाई हें निव्वळ इंग्लिशांचें म्हणणें नव्हतें. १८७६ सालीं फिलाडेल्फिया येथें जें मोठें प्रदर्शन भरलें होतें तेथील जर्मन विभाग पाहून रॉयलो नांवाच्या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानेंच आपल्या देशबांधवांचा माल स्वस्त खरा पण वाईट, असा कडक शेरा मारला होता. पुढें काय झालें? जर्मनांनीं माल सुधारला, शिक्का मात्र तोच राहिला. आणि एका पिढीच्या आंत लोक तो शिक्का पाहून माल मागूं लागले. कायदा करणारांनीं जो डाग म्हणून लावला तोच कपाळीचा टिळा झाला. आमच्या वडिलांच्या पिढींतील भजनी मंडळी आपल्या पेटीचें कौतुक करतांना पेटी कोणाच्या हातची हें मागाहून सांगत. 'जर्मन सुरांची आहे' हें अगोदर सांगत. गुजराथेंत पालिताणा येथें आज कित्येक वर्षें पेटीचे सूर तयार होत आहेत. परंतु त्यांचें नांव घेतांना कोणाची छाती फुगलेली आम्हीं पाहिली नाहीं.

आतां मूळ विषयाकडे येऊं. भरीव अंगाची विजेची गिटार बाजारांत रूढ झाली ती अमेरिकेंत. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर म्हणून रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या कारखान्यांतून १९५० सालापासून या गिटारी बाहेर पडूं लागल्या, आणि १९५४ सालीं त्यांची स्ट्रॅटोकास्टर नांवाची गिटार निघाली. इकडे मिशिगन संस्थानांतील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं लेस पॉल या वादकाच्या नांवाची गिटार काढली. आज जगांत जितक्या विजेच्या गिटारी होतात त्यांतील फार मोठा भाग या दोहोंच्याच नमुन्यावर बेतलेला असतो. तेव्हां खरी गिटार म्हणजे अमेरिकन, ही समजूत अगदींच निराधार नाहीं. जन्मभूमीचा मान तिला आहे.

परंतु जन्मभूमि म्हणजे गुणांची हमी नव्हे, हें त्याच देशानें पुढें दाखवून दिलें. १९६५ सालीं फेंडर यांनीं आपली कंपनी सी. बी. एस. या नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या कंपनीस तेरा लक्ष नव्हे, एक कोटि तीस लक्ष डॉलरांस विकली. नव्या मालकांनीं उत्पादन वाढविलें. १९७० नंतरच्या दशकांतील त्या कारखान्याच्या गिटारी जड, दांडीचा सांधा सैल, रोगण जाडें, अशी वादकांची तक्रार ग्रंथांतरीं नमूद आहे. आणि जुन्या, १९६५ पूर्वींच्या, गिटारींस दुप्पट-तिप्पट किंमत येऊं लागली ती याच काळांत. येथें ध्यानांत घेण्यासारखें असें कीं, देश तोच, गांव तोच, पाठीवरील अक्षरेंही तींच.

याच वेळीं पॅसिफिक महासागराच्या पलीकडे काय चाललें होतें? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मालावर कांहीं वर्षें 'व्याप्त जपानांत तयार झालेला' असें छापीत. खेळणीं, बाहुल्या, पत्र्याच्या मोटारी असा तो माल, आणि जपानी म्हणजे दोन दिवसांत मोडणारें असा त्याचा लौकिक. परंतु वाद्यांच्या बाबतींत जपानी कारागिरांची परंपरा त्याहून जुनी होती. हामामात्सु येथील प्राथमिक शाळेंत अमेरिकन बनावटीचा एक ऑर्गन होता. १८८७ सालीं तो बिघडला तेव्हां तोराकुसु यामाहा या यंत्रें दुरुस्त करणाऱ्या कारागिरास बोलावणें गेलें. त्यानें तो दुरुस्त केला, इतकेंच नव्हे तर त्यावरून स्वतः एक ऑर्गन तयार केला, आणि एका सोबत्याच्या मदतीनें तो खांद्यावरून हाकोने घाट ओलांडून परीक्षेसाठीं टोकियोस नेला. तेथील संगीतशाळेंत निकाल असा मिळाला कीं ऑर्गन बेसूर आहे. यामाहा रागावला नाहीं. महिनाभर तेथेंच राहून तो स्वरशास्त्र शिकला, परत गेला, आणि दुसरा ऑर्गन केला. तो पास झाला. त्याच्या नांवाची कंपनी आज सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मतें या सबंध लेखांत एक गोष्ट लक्षांत ठेवावयाची झाली तर ती हीच ठेवावी.

नांवाची दुसरी एक मौज आहे. आयबानेझ नांवाच्या गिटारी विद्यार्थ्यांच्या तोंडीं फार असतात. हें नांव स्पॅनिश; परंतु कंपनी नागोया येथील होशिनो, म्हणजे जपानी. होशिनो हे मूळचे पुस्तकविक्रेते. ते व्हॅलेन्सिया येथील साल्वादोर इबान्येझ या कारागिराच्या गिटारी मागवून विकीत. पुढें स्पेनमधील यादवी युद्धाच्या धामधुमींत तो कारखाना नष्ट झाला, तेव्हां होशिनो यांनीं स्वतः गिटारी करविल्या आणि तें नांव चालविलें. जपानी नांवानें गिटार कोण घेणार, अशी त्यांस शंका वाटली असल्यास तीत नवल नाहीं. आपल्याकडेही कलकत्त्याच्या गिटारींचीं गिवसन, हॉबनर हीं नांवें ऐकलीं म्हणजे कोणत्या दूरच्या नांवांचा तो प्रतिध्वनि आहे हें सांगावयास नको.

जपानी नकला इतक्या चांगल्या उतरूं लागल्या कीं १९७७ सालीं गिब्सनच्या तत्कालीन मालकांनीं आयबानेझच्या अमेरिकेंतील विक्रेत्यांवर गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून फिर्याद केली. ती पुढें आपसांत मिटली. फेंडर कंपनीनें दुसरा मार्ग धरला. तिनें १९८२ सालीं जपानी व्यापाऱ्यांशीं भागी करून नागानो प्रांतांतील मात्सुमोतो येथें फुजिगेन या कारखान्याकडून आपल्याच जुन्या नमुन्यांच्या गिटारी करवून घेण्यास आरंभ केला. या गिटारी लवकरच स्क्वायर या नांवानें विकल्या जाऊं लागल्या. स्क्वायर ही मिशिगनमधील तारा करणारी जुनी कंपनी. ती फेंडरनें पूर्वींच विकत घेतली होती. म्हणजे नांव अमेरिकन, नमुना अमेरिकन, हात जपानी. स्वस्त म्हणून काढलेल्या या गिटारी वादकांनीं हातांत घेतल्या आणि चकित झाले. त्या काळच्या अमेरिकन कारखान्यास जें साधत नव्हतें तें येथें साधलें होतें. १९८५ सालीं कंपनीच्याच कांहीं अधिकाऱ्यांनीं ती सी. बी. एस. कडून विकत घेतली, तेव्हां फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यांत नव्हता. कॅलिफोर्नियांतीलच कोरोना येथें नवा कारखाना उभा राहून चालूं लागेपर्यंत तिची मदार बव्हंशीं जपानी गिटारींवरच होती. आज १९८२ ते १९८४ च्या त्या स्क्वायर गिटारी संग्राहक शोधीत फिरतात, आणि 'जपानी' हें विशेषण विक्रेता आवाज चढवून उच्चारतो. जर्मन चाकूंची गोष्टच पुन्हां घडली.

जपानांत मजुरी वाढली तसें स्वस्त गिटारींचें काम कोरियांत गेलें, तेथून चीन व इंडोनेशिया या देशांत. थोडा काळ तें आपल्या देशांतही आलें होतें. १९९० च्या सुमारास स्क्वायरच्या दुय्यम मालिकेंतील कांहीं गिटारी भारतांत तयार झालेल्या आहेत. प्रत्येक वेळीं तोच क्रम दिसतो : नवा देश आला कीं लोक हसतात, दहावीस वर्षांनीं हसणें थांबतें, आणि हसण्याला तोंवर पुढचा देश मिळालेला असतो. कोरियांतील गिटारी एके काळीं नाकें मुरडण्याचा विषय होत्या. काम इंडोनेशियाकडे जाऊं लागतांच, 'पूर्वींच्या कोरियन बऱ्या होत्या' असे उद्गार निघूं लागले.

मग पाठीवरच्या अक्षरांत कांहींच अर्थ नाहीं काय? तसें म्हणणें सोपें आहे, पण खरें नाहीं. येथें विद्यार्थ्यांनीं जरा सावकाश वाचावें. एकच कंपनी चार देशांत गिटारी करविते तेव्हां कोणत्या देशांत कोणत्या किंमतीची गिटार करावयाची हें ती अगोदर ठरविते. वीस हजारांस विकावयाच्या गिटारींत जें लाकूड, जे खुंट्यांचे संच, जे पिकअप घालतां येतात ते एक. दोन लक्षांच्या गिटारींत घालतां येतात ते दुसरे. शिवाय पडद्यांचीं टोंकें हातानें घासून गुळगुळीत करण्यास वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे मजुरी. फेंडरच्या मेक्सिकोंतील गिटारी एन्सेनाडा येथें होतात. हें गांव कोरोनापासून मोटारीनें एका दिवसांत जाऊन यावें इतकें जवळ आहे. मध्यें सरहद्द मात्र आहे. त्या सरहद्दीच्या उत्तरेस जी गिटार होते तिची किंमत दक्षिणेकडील गिटारीच्या कितीतरी अधिक. सरहद्द ओलांडतांना लाकडाचा गुण बदलत नाहीं. बदलते ती मजुरी, आणि मालकानें त्या गिटारीसाठीं आंखून दिलेला खर्च. म्हणून अक्षरें पाहून गिटार बरी कीं वाईट याचा अंदाज पुष्कळदां बरोबर येतो. परंतु तो अंदाज देशाचा नसून किंमतीचा असतो. कारण एक, आणि आपण बोट दाखवितों भलत्याकडे. तर्कशास्त्रांत याला दोष म्हणतात. व्यवहारांत याला बाजारभाव म्हणतात!

आणखी एक गंमत. 'अमेरिकेंत तयार झालेली' म्हणजे काय? त्या देशाचा नियम असा आहे कीं वस्तु सर्वस्वीं किंवा जवळजवळ सर्वस्वीं तेथें झालेली असेल तरच तसें बिनशर्त लिहावें. तरी पुष्कळ अमेरिकन गिटारींच्या दांडीवर पडद्यांखालीं जी काळसर तपकिरी पट्टी असते ती आपल्या शिसवीची असते. ब्राझील देशाच्या शिसवीचा व्यापार १९९२ सालीं आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद झाला. तत्पूर्वींपासूनच भारतीय शिसवीस मागणी होती, ती त्यानंतर टिकून राहिली. २०१७ सालीं शिसवीच्या सर्व जातींवर निर्बंध आले तेव्हां गिटारवाल्यांत हाहाकार उडाला, आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांपुरते ते सैल करावे लागले. ज्या गिटारीपुढें आपली मुलें हात जोडतात तिच्यावर वादकाचीं बोटें ज्या लाकडावर नाचतात तें कदाचित् आपल्याच दक्षिणेकडील रानांत वाढलेलें असेल.

स्थळाचें नांव खऱ्या गुणाचें चिन्ह केव्हां होतें याचें उदाहरण मात्र आपल्या घरींच आहे. मिरजेस शिकलगार मंडळी पूर्वीं शस्त्रांस धार लावीत. तीं कामें बसलीं तेव्हां एकोणिसाव्या शतकांत त्यांनीं तंबोरे-सतारी करण्याचें काम हातीं घेतलें. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील. बापानें मुलास, मुलानें नातवास जवारी काढावयास शिकविलें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. येथें गांवाचें नांव म्हणजे हातांची वंशावळ आहे. देशाचें नांव हें इतकें मोठें पोतें आहे कीं त्यांत काय भरलें आहे तें बाहेरून कळत नाहीं.

नांव झांकलें तर काय होतें, हें विद्वानांनीं करून पाहिलें आहे. १९६५ सालीं रॉबर्ट स्कूलर यांनीं मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमालाच्या विद्यार्थ्यांपुढें एकाच प्रकारचा माल निरनिराळ्या देशांच्या चिठ्ठ्या लावून ठेवला. ज्या शेजारी देशांविषयीं विद्यार्थ्यांचें मत मुळांतच प्रतिकूल होतें त्यांच्या चिठ्ठीचा माल त्यांस हलका वाटला. याहून प्रसिद्ध प्रयोग व्हायोलिनांचा. २०१० सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें क्लोडिया फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकवीस वादकांस काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनें वाजवावयास दिलीं. तीन नवीं आणि तीन जुनीं इटालियन, त्यांत दोन स्ट्राडिव्हारी यांच्या हातचीं. लाकडाच्या जुनाट वासानें ओळख पटूं नये म्हणून हनुवटी टेकण्याच्या जागीं अत्तर लावलें होतें. सर्वांत अधिक पसंतीस आलें तें एक नवें वाद्य, आणि सर्वांत कमी पसंत पडलें तें एक स्ट्राडिव्हारी. गिटारीवरही प्रयोग झाला आहे. इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बावन्न वादकांस सहा साध्या गिटारी वाजवावयास दिल्याचें वर्णन आहे. सहांची घडण एक, फक्त पाठीचें व बाजूंचें लाकूड वेगळें, कांहीं अतिशय महाग, कांहीं स्वस्त. डोळ्यांवर गडद चष्मे असतां कोणासही महाग लाकडाची गिटार खात्रीनें निवडतां आली नाहीं.

हें वाचून आम्हांसही हुरूप आला. नाताळापूर्वीं एका शनिवारीं शाळेच्या दिवाणखान्यांत आम्हीं एक कनात उभी केली. एका माजी विद्यार्थ्याकडे अमेरिकन गिटार होती, दुसऱ्याकडे मेक्सिकोची, तिसरी आमच्या खरवडणाऱ्या विद्यार्थ्याची. तारा तिन्ही गिटारींस नव्या व एकाच जातीच्या, अँप्लिफायर एक, वादक एक, आणि प्रत्येकीवर तेंच एक भजन. ऐकणारांनीं कागदावर गुण द्यावयाचे. कनातीआडून वाजलें तेव्हां गुण असे विखुरले कीं त्यांतून कांहींच निष्पन्न होईना; जी मुलें सर्वांत जोरानें हसत असत त्यांतल्या एकानें इंडोनेशियाच्या गिटारीस पहिलें आसन दिलें होतें. मग कनात काढून तेंच पुन्हां वाजविलें. आतां गुण किंमतीच्या पायऱ्यांनीं नीट वर चढत गेले. खरें सांगावयाचें तर आमचा स्वतःचा कागदही त्याला अपवाद नव्हता, आणि ही परीक्षा आम्हींच मांडलेली होती!

परंतु निकालाची दुसरी बाजू लपविणें योग्य नव्हे. वाजविणारा माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, ऐकणारांस नाहीं कळलें, पण माझ्या हातांस कळलें." स्वस्त गिटारीच्या पडद्यांचीं टोंकें बोटांस बोचत होतीं, आणि दोन भजनांनंतर तिची तिसरी तार उतरली. त्यानें खिशांतून बारीक कानस काढून तीं टोंकें अर्ध्या तासांत घासून दिलीं, आणि तार जेथें अडकत होती ती खांच पेन्सिलीच्या शिशानें गुळगुळीत केली. त्यानंतर ती गिटार स्वर सोडीना. कारखान्यांत वांचविलेला अर्धा तास त्यानें आमच्या दिवाणखान्यांत भरून काढला, एवढाच याचा अर्थ.

फिलिप्पानें नथनेलास येशूविषयीं सांगितलें तेव्हां नथनेलानें नासरेथ गांवाविषयीं जी शंका काढली ती शास्त्रपाठाच्या तासास तुम्हीं ऐकली आहे. आम्हांस त्या प्रसंगांत नेहमीं फिलिप्पाचें नवल वाटतें. त्यानें नासरेथाची बाजू घेऊन वाद घातला नाहीं, गांवाचा इतिहास सांगितला नाहीं. येऊन पाहावयास सांगितलें. गिटार घेण्यास निघालेल्या पालकांसही आमचें सांगणें तेवढेंच आहे. फक्त काय पाहावें तें लिहितों.

गिटारीचें डोकें डोळ्याशीं धरून दांडीच्या लांबीवर नजर टाकावी, जशी सुतार फळी पाहतो. दांडीला अगदीं किंचित् खोलवा असावा. पीळ असतां कामा नये. खोलवा कमीजास्त झाला तर दांडींतील लोखंडी सळई फिरवून तो सुधारतां येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस बहुधा तें करावेंच लागतें. पीळ मात्र सुधारणें कठीण. मग दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवावा. पडदे बोचले तर दुकानदारास सांगावें. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून वाजवावा. कोठें स्वर मेला किंवा खरखरला तर तेथील पडदा उंचसखल आहे. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट चढा यावा. तार जोरानें ओढून सोडावी आणि ती उतरली काय तें पाहावें. बटणें फिरवितांना कर्ण्यांत करकर होऊं नये. या सर्वांस पाव घटका पुरे. एवढें झाल्यावर हवी तर गिटार उलटी करून पाठीवरचीं अक्षरें वाचावीं.

ज्या पालकांस हें स्वतः करणें अवघड वाटेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलींत यावें. गिटार विकत घेण्यापूर्वीं आल्यास उत्तम, घेतल्यावर आल्यासही चालेल. त्या माजी विद्यार्थ्यानें आपली बारीक कानस शाळेस देऊन टाकली आहे. आमचा नववींतील मित्र आतां दहावींत असून सकाळच्या उपासनेस गिटार वाजवितो. पडदे घासण्यास बहुधा तोच बसलेला असतो. त्याच्या गिटारीच्या पाठीवर अजून चार अक्षरें शिल्लक आहेत, तीं त्यानें तशींच राहूं दिलीं आहेत.